काळजीची वही

परवा बेळगावला जाऊन आलो. निमित्त तसं काहीच नव्हतं. मावशीने फोनवर, "सरांचं तुझ्याकडे एक काम आहे, सवडीने ये," एवढंच सांगितलं होतं. शनिवार-रविवारला जोडून सुटी मिळाली, साहेबांनी आढेवेढे न घेता रजेच्या अर्जावर सही केली आणि मी पणजीच्या स्टँडवर सकाळची बेळगावची गाडी पकडली. चोर्ल्याच्या घाटात धुकं होतं. माझ्या शेजारी केरीचा एक म्हातारा पिशवीत फणसाएवढा सुरण घेऊन लेकीकडे निघाला होता. बेळगावात सुरण मिळत नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "मेळता. पूण तो आमचो न्हय."

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटापासून चालत दहा मिनिटांवर मावशीचं घर. सर म्हणजे तिचे यजमान, नात्याने माझे काका. पण त्यांना काका म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. बेळगावच्या एका मराठी हायस्कुलात ते आधी शिक्षक आणि शेवटची अकरा वर्षं हेडमास्तर होते. दूधवाला त्यांना सर म्हणतो, शेजारचे कन्नड वकील सर म्हणतात, आणि मावशीसुद्धा "सर, चहा निवतोय," असंच म्हणते. आता त्यांचं वय ब्याऐंशी. ऐकू कमी येतं, पण नजर शाबूत आहे.

सरांना एक जुनी खोड आहे. नोकरीत असताना ते दरवर्षी दोनशे पानी वही घालायचे. तिच्यात मार्क नसायचे. ज्या मुलाची काळजी वाटते त्याच्या नावाचं एक पान. 'डबा आणत नाही.' 'फळ्यावरचं दिसत नाही, चष्म्याचं घरी सांगणे.' 'वडील गेल्यापासून गप्प आहे, नाटकात घ्यावा.' काळजी मिटली की त्या पानावर तिरपी रेघ मारायची. मावशीने तिला 'काळजीची वही' असं नाव दिलं होतं. निवृत्तीनंतर वही बंद झाली असेल असा माझा समज होता.

चहा झाल्यावर सरांनी ती वही माझ्यापुढे ठेवली. निवृत्तीच्या वर्षीचीच होती, मागची बरीच पानं कोरी राहिलेली. त्यात अगदी शेवटी एक भरलेलं पान होतं. वर लिहिलं होतं, 'पेनांगची मुलगी'. रेघ मारलेली नव्हती.

"तिला पत्र लिहायचंय," सर म्हणाले. "तू सरकारात ड्राफ्टिंग करतोस की रे. जरा नीट लिही."

ही मुलगी मला आठवत होती. २०२० च्या जानेवारीत मी एकदा तिला याच घरात पाहिलं होतं. बेळगावात मलेशियाच्या एका विद्यापीठाच्या सहकार्याने वैद्यकीय अभ्यासक्रम चालतो, त्यामुळे तिथली बरीच मुलं इथे शिकायला असतात. काही मलय, काही तमिळ वंशाची, काही चिनी वंशाची. ही चिनी वंशाची. २०१९ च्या पावसाळ्यात मावशी महिनाभर रुग्णालयात होती, तेव्हा ही मुलगी वहीपेन घेऊन खाटेखाटेशी फिरायची. पेशंटची हकिकत लिहून घेणं हा अभ्यासाचाच भाग. पण पेशंट बोलणार मराठी नाहीतर कन्नड, आणि हिच्याकडे इंग्रजी, मलय आणि घरची होक्किएन. मावशीच्या शेजारच्या खाटेवर खानापूरकडची एक आजी होती. ती "पोटात कालवतंय बघ," म्हणाली आणि मुलगी सरांकडे बघत राहिली. सरांनी समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, मला शिकवाल का?

मावशी घरी आल्यावर ती दर रविवारी टिळकवाडीत येऊ लागली. सरांनी तिला बाराखडीपासून सुरुवात केली नाही. 'कुठं दुखतंय?', 'किती दिवस झाले?', 'भूक लागते का?', 'खोकल्यातून काही पडतं का?' अशी वाक्यं आधी शिकवली. त्याचा परिणाम असा झाला, की तिचं सगळं मराठी पेशंटचं मराठी झालं. मी होतो त्या दिवशी मावशीने तिला थालीपीठ खाणार का विचारलं, तर ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "हो मावशी. मला सकाळपासून भूक आहे. पूर्वी असा त्रास नव्हता." आम्ही इतके हसलो, की तीही हसायला लागली.

सर सुरुवातीला तिला 'चिनी मुलगी' म्हणायचे. तिने एकदा सांगितलं, सर, मी मलेशियन आहे. माझे पणजोबा फुकिएनहून पेनांगला आले, मी चीन पाहिलेलासुद्धा नाही. सरांनी वहीतलं 'चिनी' खोडून 'पेनांगची' केलं. ती खाडाखोड अजून दिसते. त्या पानावर पुढे ओळीने लिहिलंय: 'भात पोटभर जेवत नाही. आमटी तिखट लागते, मावशीला वेगळी काढायला सांगणे. रात्री दोनपर्यंत वाचते. मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसते, हेल्मेट नाही. आईचा फोन आला की बाहेर जाऊन बोलते, आत येते तेव्हा डोळे लाल.' खाली अधोरेखित करून, 'कोणाशी भांडता येईल इतकी भाषा अजून नाही.'

या शेवटच्या ओळीवर मी अडखळलो. हेडमास्तरांना काळजी कशाची, तर मुलीला या गावात भांडता येत नाही याची.

तेवढ्यात सर कपाटाकडे गेले आणि त्यांनी धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' काढून आणलं. "तुमच्या साखवाळचा माणूस. पत्र लिहिण्यापूर्वी यातलं सिलोनचं वाच," म्हणाले.

आपल्या गोव्यात कोसंबींचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यांचं वाचलेलं थोडक्यांनीच असतं. ९ ऑक्टोबर १८७६ चा जन्म. शाळा अशी फारशी नाहीच. नारळाच्या बागायतीत राबणाऱ्या या तरुणाने 'बालबोधमेवा' मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि त्याचं मन घरात लागेना. १८९९ च्या अखेरीस घर सोडलं. पुणं, ग्वाल्हेर, काशी करत, उपाशी राहत, अन्नछत्रात जेवत संस्कृत शिकले. १९०२ मध्ये कोलंबोला विद्योदय विद्यालयात पोहोचले. तिथले प्रमुख होते सुमंगलाचार्य. १८७३ मध्ये त्यांनीच ते विद्यालय स्थापन केलं होतं. पंचाहत्तरीला टेकलेल्या या विद्वान भिक्षूसमोर एक गोवेकर पोरगा उभा राहिला. सिंहली येत नाही, पाली शिकायचीय, खिशात काही नाही. आचार्यांनी त्याला ठेवून घेतलं. पुढे तिथलं जेवण त्याला मानवेना, प्रकृती बिघडली. पंडित मोठा, ग्रंथ मोठे, आणि अडचण काय, तर जेवण. परदेशी विद्यार्थ्याची पहिली लढाई ताटातच होते.

मी सरांना म्हटलं, "सर, या गोष्टीचा दुसरा भाग तुम्हाला ठाऊक आहे का?" त्यांना ठाऊक नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच मी सरांना काही शिकवलं, म्हणून इथेही जरा सविस्तर सांगतो.

जिन केमु नावाचा एक चिनी तरुण होता. जन्म १९१२ चा. औपचारिक शिक्षण शाळेपलीकडे फारसं नाही. १९३५ मध्ये तो पेकिंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात कारकून होता. (कारकून म्हटल्यावर माझे कान टवकारले, हे सांगायला नको.) प्राध्यापक मंडळी कुठली पुस्तकं नेतात हे तो बघून ठेवायचा आणि ती परत आली की स्वतः वाचून काढायचा. १९४१ मध्ये तो कलकत्त्याला आला, तिथल्या चिनी वृत्तपत्रात काम करू लागला, हिंदी आणि संस्कृत शिकू लागला. १९४३ मध्ये तो सारनाथला गेला. तिथे एक वृद्ध मराठी पंडित एकटे राहत होते. ते म्हणजे आपले धर्मानंद.

तोवर त्यांचं बरंच जग पाहून झालं होतं. फर्ग्युसनमध्ये पाली शिकवून झाली, हार्वर्डला जाऊन 'विसुद्धिमग्गा'वर काम झालं, लेनिनग्राड झालं, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग झाला. वय सदुसष्टच्या घरात. प्रकृती खालावलेली. अशा वेळी पदवी नसलेला एकतीस वर्षांचा परदेशी माणूस दारात येऊन म्हणतो, मला शिकवा. कोसंबींनी त्याला पाली आणि संस्कृत शिकवलं. पुढे जिन पुण्यालाही गेला, फर्ग्युसनच्या प्रा. वा. वि. गोखल्यांबरोबर त्याने संस्कृत पोथ्यांवर काम केलं, आणि १९४६ मध्ये चीनला परतला. कोसंबी ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला गेले.

त्यांनी त्याला का शिकवलं असेल? मला त्याचं उत्तर सिलोनमध्येच सापडतं. परक्या गावात, परक्या ताटापुढे बसणं म्हणजे काय, हे त्यांना पोथीतून समजलेलं नव्हतं. ते त्यांनी चार देशांत भोगलं होतं. सारनाथला संध्याकाळी फिरायला निघताना म्हाताऱ्याने त्या तरुणाला आधी "जेवलास का?" विचारलं असेल, असं मला आपलं उगाच वाटतं. याला पुरावा नाही. पण साखवाळचा माणूस दुसरं काय विचारणार?

या शिकवणीचं पुढे काय झालं पाहा. जिन केमु पेकिंग विद्यापीठात प्राध्यापक झाला. १९५६ मध्ये त्याचं 'मेघदूता'चं चिनी भाषांतर आलं, १९६४ मध्ये संस्कृत साहित्याचा इतिहास आला. १९६० मध्ये पेकिंगला संस्कृत-पालीचा जो वर्ग निघाला, त्याला जि शियानलिन आणि जिन केमु हे दोघे शिकवत. सांस्कृतिक क्रांतीत दोघांचेही हाल झाले, पण वर्गातली मुलं टिकली. महाभारताच्या आदिपर्वाचे सुरुवातीचे अध्याय जिनने केले होते. त्याच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळं महाभारत चिनीत आणलं आणि २००५ मध्ये ते सहा खंडांत छापलं गेलं. त्या कामाची धुरा वाहणारे हुआंग बाओशेंग याच १९६० च्या वर्गातले. २०१५ मध्ये त्यांना आपल्या सरकारने पद्मश्री दिली. म्हणजे कोलंबोत एका आचार्याने एका गोवेकराला थारा दिला, त्याची एक फांदी शंभर वर्षांनी अशी पेकिंगला फुलली.

सर सगळं कानावर हात धरून ऐकत होते. मग म्हणाले, "पण तो सारनाथला असताना त्याला रस्त्यात कुणी काही बोललं का रे?"

सरांचं खरं काम काय आहे, हे मला तेव्हा कळलं.

२०२० च्या मार्चची गोष्ट. लॉकडाऊन अजून लागायचा होता. मुलीच्या घरच्यांनी तिला परत बोलावलं होतं. तिच्या आईसाठी बेळगावचा कुंदा द्यायचा म्हणून सर तिला घेऊन बाजारात गेले. एका दुकानात माणसाने तिला पायरीखालीच थांबायला सांगितलं. सुटे पैसे हातात न देता काउंटरवर टाकले. मागून स्कूटरवरून जाणारी दोन पोरं 'कोरोना' म्हणून ओरडली, त्यातला एक थुंकल्यासारखं करून हसला. मुलगी फक्त, "सर, चला," म्हणाली.

"मी काहीच बोललो नाही," सर म्हणाले. "सदतीस वर्षं वर्गात ओरडत आलो. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. तिला भांडण्याइतकी भाषा नव्हती. मला होती की रे!"

मावशी ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, ती तशीच राहिली.

सरांना हे इतकं का लागलं, हे टिळकवाडीत राहणाऱ्याला समजेल. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हा सर तेरा वर्षांचे होते. तेव्हापासून 'तू नेमका कुठला?' हा प्रश्न त्यांनी कचेरीत ऐकला, रेशनच्या रांगेत ऐकला, पुण्यात पाहुण्यांच्या पंक्तीतही ऐकला. जन्मल्या गावात परकं ठरण्याचा त्रास त्यांना शिकवावा लागत नाही. आणि तरी त्यांच्याच गावात, त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची विद्यार्थिनी परकी ठरली.

मला एक जुनी गोष्ट आठवली, ती मी त्यांना सांगितली. चीनचा थोर लेखक लू शुन तरुणपणी, १९०४ मध्ये, जपानात सेंदाईला वैद्यकीय शिकायला गेला. तिथे फुजिनो नावाचे शरीररचनेचे शिक्षक होते. ते दर आठवड्याला त्याच्या वह्या मागून घेत, लाल शाईने सगळं दुरुस्त करून देत, अगदी भाषेच्या चुकासुद्धा. तो पास झाला, तेव्हा काही जपानी वर्गमित्रांनी आळ घेतला, की मास्तरांनी वहीत प्रश्न खुणा करून दिले असणार. चिनी पोरगा एरवी पास कसा होईल? १९०६ मध्ये लू शुन वैद्यकीय सोडून निघाला. फुजिनोंनी आपला फोटो दिला आणि मागे निरोपाचे दोन शब्द लिहिले. वीस वर्षांनी लू शुनने त्यांच्यावर लेख लिहिला. त्यात आळ घेणारे आहेत, पण त्यांची नावं जगाला ठाऊक नाहीत. लाल शाईवाल्या मास्तरांचं नाव राहिलं.

"ते बरोबर," सर म्हणाले. "पण तो गेल्यावर मास्तरांना झोप लागली का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मुलगी २०२१ मध्ये शेवटच्या परीक्षेसाठी परत आल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. पण टिळकवाडीत आली नाही. पास झाली, परस्पर गेली. मावशीचा जुना फोन बिघडला, त्यात नंबरही गेला. वहीत तिचा ई-मेल पत्ता होता, पण सरांना ते जमत नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगायचं धैर्य झालं नाही. चार वर्षं ते एकच समजून चालले होते, की ती रागावली आणि तिचा राग योग्य आहे.

मी ड्राफ्ट लिहिला. आमच्या खात्यातल्या सवयीने 'दिलगिरी', 'सदर प्रसंगी', 'खेद वाटतो' असे शब्द आपोआप पडले. सरांनी चष्मा लावून वाचलं आणि लाल पेन मागितलं. 'सदर' खोडलं. 'दिलगिरी' खोडली. "गावाच्या वतीने माफी मागायला मी कोण? माझी चूक तेवढी लिही," म्हणाले. तीन वेळा लिहून शेवटी चारच ओळी उरल्या. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, बोललो नाही. मावशी बरी आहे. आता कुठे असतेस? वेळेवर जेवतेस ना? मराठी तिला वाचता येत नाही म्हणून इंग्रजी अक्षरांत टाइप केलं आणि रात्री नऊ वाजता पाठवलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. मी बॅग भरत होतो. अर्धं इंग्रजी, अर्धं तिचं ते पेशंटचं मराठी. ती आता पेनांगला सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे. २०२१ मध्ये ती एकदा टिळकवाडीत आली होती. गेटपर्यंत आली. अंगणात मावशी तुळशीला पाणी घालताना दिसली. पण ती तेव्हा दिवसभर वॉर्डात असायची, आणि आत दोन म्हातारी माणसं, त्यातलं एक छातीच्या दुखण्यातून उठलेलं. समोरच्या झाडाखाली थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली. बाजारातलं तिला आठवत होतं. पण त्याबद्दल तिने एवढंच लिहिलं होतं: 'सर, तुमचा हात थरथरत होता. मला तुमच्या बीपीची काळजी वाटली.'

खाली लिहिलं होतं, की त्यांच्या होक्किएनमध्ये भेटल्यावर आधी 'जेवलात का?' असंच विचारतात. म्हणून टिळकवाडीत तिला पहिल्या दिवशीही फार परकं वाटलं नव्हतं. आणि मग, 'मी वेळेवर जेवते. भूक चांगली आहे. त्रास नाही.'

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. सरांनी पुन्हा वाचायला लावलं. मावशी म्हणाली, "गेटपर्यंत आली होती गं बाई," आणि पदराने डोळे पुसून आत गेली.

निघताना मी पाहिलं, सर वही उघडून बसले होते. मला वाटलं, आता तिरपी रेघ मारतील. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ पान पाहिलं, आणि खाली एक ओळ वाढवली: 'रात्रपाळी असते का, विचारणे.'

मग मान वर करून मला म्हणाले, "तू जेवलास का रे? घाट लागतो. जेवून जा की."